लहान विद्यापीठात इतिहासाची पदवी: पहिल्या सत्रापासून शोधप्रकल्पापर्यंत

लहान विद्यापीठाच्या इतिहास विभागात बहुधा तीन ते सहा शिक्षक असतात. एवढ्या माणसांत सगळ्या जगाचा इतिहास मावत नाही. प्राचीन काळ शिकवणारे कोणी असेल, आधुनिक युरोप शिकवणारे असेल, पण आफ्रिका किंवा लॅटिन अमेरिकेसाठी कोणीच नसेल. ग्रंथालयही बेताचेच. मात्र अशा ठिकाणी शिक्षकांचा वेळ मुबलक मिळतो. दोनशे जणांच्या वर्गात निबंधावर गुण आणि दोन ओळींचा शेरा मिळतो. आठ-दहा जणांच्या वर्गात तोच निबंध समोर ठेवून ओळ न् ओळ बोलता येते. इतिहास लिहून-खोडून शिकायचा विषय असल्यामुळे हा फरक फार मोठा आहे. म्हणून पुस्तके आणि विषय जमतील तिथून बाहेरून आणावेत, आणि विभागातल्या शिक्षकांकडून आपले लेखन जितक्या वेळा तपासून घेता येईल तितक्या वेळा घ्यावे. पुढचे सगळे याच हिशेबाने मांडले आहे.

आधी विभाग नीट पाहून घ्या

माहितीपुस्तिकेवर विसंबू नका. तिच्यात तीस-चाळीस पेपरांची नावे असतात, प्रत्यक्षात एका सत्रात पाच-सातच शिकवले जातात. विभागाच्या कार्यालयातून मागच्या चार सत्रांची वेळापत्रके मागून घ्या आणि कोणता पेपर कधी झाला ते पाहा. बरेच ऐच्छिक पेपर एका वर्षाआड येतात. एकदा हुकला की तो पुन्हा मिळेलच असे नाही. विभागप्रमुखांना दोन गोष्टी सरळ विचारा: येत्या दोन-तीन वर्षांत कोण निवृत्त होणार, आणि कोण अभ्यासरजेवर जाणार. ज्यांच्या हाताखाली शोधप्रकल्प करायचा असे मनात आहे तेच शेवटच्या वर्षी नसतील, तर विषयच बदलावा लागतो. ही गोष्ट पहिल्या वर्षी कळली तर नुकसान होत नाही.

मग एका कागदावर सत्रांचे रकाने आखा. आधी सक्तीचे पेपर बसवा, नंतर वर्षाआड येणारे, उरलेल्या जागी बाकीचे. संशोधनपद्धतीचा पेपर दुसऱ्या किंवा तिसऱ्या सत्रात घ्या. अनेक जण तो कंटाळवाणा समजून शेवटाला ढकलतात. मग साधनांची पारख कशी करायची हे कळते तेव्हा बहुतेक निबंध लिहून झालेले असतात.

भाषेचा निर्णय पहिल्याच सत्रात घ्यावा, कारण वाचण्यापुरती नवी भाषा यायलाही दोन-तीन वर्षे जातात. इथे एक बारकावा सुटतो. भाषा येणे वेगळे आणि जुने हस्ताक्षर लागणे वेगळे. जुना मराठी कागद मोडीत असतो, फार्सी कागद अनेकदा शिकस्ता वळणात, जर्मन कागद कुरेंट लिपीत. छापील भाषा उत्तम येणारा माणूसही अशा कागदापुढे अडतो. लिपीसाठी रोज अर्धा तास, आधी वाचन ठाऊक असलेल्या कागदांवर सराव केला तर काही महिन्यांत ओळी लागू लागतात. महिन्यातून एकदा सलग बसून केलेला सराव टिकत नाही.

लहान विभागाचा खरा तोटा म्हणजे तेच तीन शिक्षक सहा सत्रे भेटतात आणि त्यांचीच दृष्टी अंगवळणी पडते. त्यावर उपाय म्हणून इतर विभागांतले दोन-तीन पेपर घ्या. संख्याशास्त्राचा एक प्राथमिक पेपर इतिहासाच्या विद्यार्थ्याला फार उपयोगी पडतो. जुन्या जनगणनांत 30, 40, 50 वयाची माणसे अवाजवी संख्येने दिसतात, कारण वय ठाऊक नसलेल्यांच्या नावापुढे गोल आकडा पडे. आकडेवारीची थोडी सवय असेल तर हे चटकन लक्षात येते. भूगोल विभागातला नकाशावाचनाचा पेपरही असाच घ्यावासा आहे.

जो प्रदेश किंवा काळ कोणीच शिकवत नाही, त्याच्यासाठी स्वतंत्र वाचनाचा पेपर मागता येतो. ‘मला चीनचा इतिहास वाचायचा आहे’ एवढेच घेऊन गेलात तर बहुधा नकार येतो, कारण त्यातून शिक्षकांच्या गळ्यात नव्या पेपराची आखणी पडते. एक पानी प्रस्ताव घेऊन जा. त्यात एक मुख्य प्रश्न, आठ ते दहा पुस्तके किंवा लेख, दर पंधरा दिवसांनी एक भेट, प्रत्येक भेटीआधी दोन पानी टिपण आणि शेवटी एक मोठा निबंध, एवढे असू द्या. शिक्षक त्या प्रदेशाचे तज्ज्ञ नसले तरी युक्तिवाद कुठे सैल आहे हे त्यांना नक्की दिसते.

ग्रंथालय आणि त्याच्या बाहेरचे

पुस्तके विषयवार आकड्यांनी लावायच्या ड्युई पद्धतीच्या ग्रंथालयात इतिहास 900 च्या कपाटात असतो: 930 प्राचीन जग, 940 युरोप, 950 आशिया, त्यात 954 दक्षिण आशिया, 960 आफ्रिका. विद्यार्थी तिथेच शोधतात आणि ‘आपल्याकडे काहीच नाही’ म्हणून परततात. पण आर्थिक इतिहास 330 च्या आसपास असतो, वैद्यकाचा 610 मध्ये, जात-वर्ग-स्त्रिया यांविषयीचे बरेच काही 305 मध्ये, धर्माचा 200 मध्ये. विषयाशी जुळणारे एक चांगले पुस्तक सापडले की संगणकावरच्या सूचीत त्याची नोंद उघडा, त्याला दिलेली विषयनामे टिपून घ्या आणि त्यांवरून पुन्हा शोधा. आपण सुचवलेल्या शब्दांपेक्षा ही नामे जास्त पुस्तके काढून देतात.

आंतरग्रंथालयीन देवघेवीची सोय असेल तर ती सवयीने वापरा. अख्खे पुस्तक यायला एक ते तीन आठवडे धरा. एखादे प्रकरण किंवा लेख स्कॅन होऊन त्याहून लवकर येतो. म्हणजे निबंधाची मुदत चार आठवड्यांवर असेल तर मागणी पहिल्याच आठवड्यात जायला हवी. ग्रंथपालांशी ओळख ठेवा. खरेदीच्या यादीत विद्यार्थ्याने सुचवलेले पुस्तक घालणे लहान ठिकाणी सहज होते, फक्त कोणीतरी सुचवावे लागते.

घरबसल्या मिळणारे साहित्य आता अफाट आहे. जेस्टोर या शोधलेखांच्या संकेतस्थळावर संस्थेचे सभासदत्व नसले तरी वैयक्तिक मोफत खाते उघडून दर 30 दिवसांत 100 लेखांपर्यंत पडद्यावर वाचता येतात. इंटरनेट आर्काइव्ह आणि हाथीट्रस्टवर स्वामित्वहक्क संपलेली लाखो पुस्तके आहेत. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे गॅलिका, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ट्रोव्ह, भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे अभिलेख पटल ही दालने कोणत्याही विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला सारखीच खुली आहेत.

मात्र शोधखिडकीवर भरवसा ठेवताना जपा. स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरे यंत्राने ओळखलेली असतात आणि त्यात भरपूर चुका असतात. अठराव्या शतकातल्या इंग्रजी छपाईतला लांब ‘एस’ यंत्राला ‘एफ’ वाटतो. देवनागरीतली जोडाक्षरे तर हमखास फुटतात. शब्द सापडला नाही म्हणून उल्लेखच नव्हता असा निष्कर्ष काढणे ही आजची सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. तीन-चार वेगवेगळी वर्णलेखने घालून पाहा, आणि महत्त्वाच्या तारखेच्या आसपासचे अंक डोळ्यांनी पान न् पान चाळा.

पुस्तक वाचायचे कसे

तीनशे पानांचे संशोधनपर पुस्तक कादंबरीसारखे पहिल्या पानापासून वाचायला घेतले की साठाव्या पानापर्यंत दम संपतो. मग खुणा भरपूर होतात आणि लेखकाचे म्हणणे मात्र हाती लागत नाही. अशा पुस्तकाला सलग तीन-चार तास द्या. पहिला पाऊण तास अनुक्रमणिका आणि प्रस्तावनेला, पुढची वीस मिनिटे थेट समारोपाला. मग प्रत्येक प्रकरणाचे पहिले आणि शेवटचे दोन परिच्छेद. शेवटी आपल्या कामाचे एकच प्रकरण निवडा आणि ते तळटीपांसकट पूर्ण वाचा. तळटीपा गाळू नका. लेखक कोणत्या कागदांवर उभा आहे ते तिथेच दिसते, आणि पुढच्या निबंधाचे विषयही तिथेच सापडतात.

पुस्तक मिटल्यावर, ते न उघडता, चार गोष्टी लिहा: लेखकाचा मुख्य दावा एका वाक्यात, तो कोणाचे मत खोडतो आहे, कोणती साधने वापरली, आणि तुम्हाला कुठे पटले नाही. पहिले वाक्य जमत नसेल तर प्रस्तावना पुन्हा वाचा. त्यानंतर नियतकालिकांतली त्या पुस्तकाची दोन परीक्षणे पाहा. ती आधी वाचू नका, नाहीतर चौथ्या मुद्द्यावर तुमचे स्वतःचे काही उरत नाही.

टिपणांचा नियम एकच, पण तो काटेकोर पाळावा: प्रत्येक नोंदीला पानक्रमांक, लेखकाचे शब्द अवतरणचिन्हांत, आणि स्वतःचा विचार वेगळ्या खुणेने. यांतले काहीही सैल पडले की दोन महिन्यांनी कोणते वाक्य कोणाचे हे कळत नाही, आणि नकळत वाङ्मयचौर्य घडते. संदर्भ सांभाळायला झोटेरो ही मोफत प्रणाली पुरते. ती आपोआप भरते त्या नोंदींत लेखकाचे नाव, आवृत्तीचे वर्ष आणि अनुवादकाचे नाव अनेकदा चुकलेले किंवा गाळलेले असते, म्हणून नोंद घेतानाच मुखपृष्ठाच्या आतल्या पानाशी ताडून पाहा. चॅटजीपीटीसारख्या संवादी यंत्रप्रणालींनी सुचवलेले संदर्भ तर प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय कधीच वापरू नका. अस्तित्वात नसलेली पुस्तके त्या खऱ्या लेखकांच्या नावावर बेमालूम खपवतात.

अस्सल कागद वाचताना

बनावट कागद पदवीच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला क्वचित येतो. खरा असूनही चुकीचा वाचला गेलेला कागद रोज येतो, म्हणून सगळी शक्ती तिथे खर्च करावी.

लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातल्या खटल्यांचे छापील वृत्तांत हे चांगले उदाहरण. 1674 ते 1913 या काळातले हे वृत्तांत इंटरनेटवर मोफत आहेत आणि शोधायला सोपे, त्यामुळे जगभरच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत ते येतात. समजा, एखाद्याने त्यांतल्या चोरीच्या मालाच्या किमती गोळा करून अठराव्या शतकातल्या वस्तूंचे भाव काढायला घेतले. 39 शिलिंग हा आकडा पुन्हा पुन्हा येताना दिसेल. त्या काळी राहत्या घरातून 40 शिलिंग किंवा अधिक किमतीची चोरी केल्यास फाशीची शिक्षा होती. ती टळावी म्हणून ज्यूरी मालाची किंमत मुद्दाम 39 वर आणत असत. म्हणजे तो आकडा वस्तूच्या भावाबद्दल फारसे काही सांगत नाही. तो शिक्षेबद्दल लोकांना काय वाटत होते ते सांगतो. शिवाय सुरुवातीची कितीतरी वर्षे हे वृत्तांत विक्रीसाठी छापले जात, त्यामुळे सनसनाटी खटल्यांना पाने मिळत आणि साध्या चोऱ्या दोन ओळींत उरकत. आरोपीचा बचाव तर बऱ्याचदा गाळलेलाच. छोट्या नोंदीवरून ‘सुनावणी घाईत उरकली’ असे लिहिणारा माणूस मुद्रकाच्या काटकसरीला न्यायालयाची वागणूक समजून बसतो.

म्हणून कोणताही कागद हातात आला की मजकुराआधी हे विचारा: कोणी लिहिला, कोणाला वाचायला, कशासाठी, घटनेनंतर किती काळाने, आणि अशा जातीच्या कागदात काय लिहायचा रिवाज होता. करवसुलीच्या नोंदीत तक्रारीचा सूर नसतो आणि अर्जात समाधानाचा नसतो. ते त्या त्या कागदाचे वळण आहे, त्यावरून माणसांची मनःस्थिती ठरवता येत नाही. यानंतर कागदात काय नाही ते पाहा. बायका, मुले, नोकर, कूळ यांची नावे कुठे गळतात याची यादी केली की अनेकदा निबंधाचा प्रश्न तिथेच उभा राहतो.

तारखांचा घोळ स्वतंत्र सांगायला हवा, कारण त्यात भलेभले फसतात. इंग्लंडमध्ये 1752 पर्यंत कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई. त्यामुळे पहिल्या चार्ल्स राजाच्या शिरच्छेदाची तारीख आपण 30 जानेवारी 1649 लिहितो, पण तेव्हाच्या इंग्रजी कागदांत तिथे 1648 सापडते. त्याच 1752 साली जुने ज्यूलियन पंचांग सोडून आजचे ग्रेगोरियन घेताना 2 सप्टेंबरनंतर एकदम 14 सप्टेंबर आला. रशियाने हा बदल 1918 मध्ये केला, म्हणून ‘ऑक्टोबर क्रांती’ आपल्या तारखेने 7 नोव्हेंबर 1917 ला येते. शालिवाहन शकात 78 मिळवले की इसवी सन मिळतो, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींना 79 मिळवावे लागतात. हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचे असल्याने तिथे सरळ बेरीज-वजाबाकी चालतच नाही, रूपांतराचे कोष्टक घ्यावे लागते. टिपणात नेहमी मूळ तारीख जशीच्या तशी लिहा आणि रूपांतरित तारीख शेजारी कंसात. फक्त रूपांतरित तारीख लिहून ठेवली तर चूक झाल्यावर मागे जाता येत नाही.

अनुवादित साधन वापरताना अनुवादकाचे नाव आणि अनुवादाचे वर्ष द्या. तुमचा मुद्दा एखाद्या शब्दावर टेकलेला असेल तर दुसरा अनुवाद पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वर्गात आणि निबंधात

लहान वर्गात न वाचता आलेला विद्यार्थी पाच मिनिटांत उघडा पडतो. तयारी फार लागत नाही: वाचनातून दोन प्रश्न, पानक्रमांकासकट, कागदावर लिहून आणा. ‘मला हे आवडले’ यावर चर्चा पुढे सरकत नाही. ‘पान 84 वर लेखक दुष्काळाला जबाबदार धरतो, पण त्याच्याच तक्त्यात भाव दुष्काळाआधी चढलेले दिसतात’ यावर सरकते.

निबंध बिघडतो तो बहुधा प्रश्न मोठा असल्यामुळे. ‘फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे’ यावर अडीच हजार शब्दांत कोणालाही नवे लिहिता येणार नाही. 1789 च्या वसंतात फ्रान्समध्ये गावोगावी तक्रारींच्या वह्या लिहिल्या गेल्या आणि त्या एस्टेट्स जनरल या राजाने बोलावलेल्या प्रतिनिधिसभेसाठी पाठवल्या गेल्या. त्यांतल्या एका भागातल्या वह्या घेऊन ‘मिठावरच्या कराबद्दल शेतकऱ्यांनी नेमके काय मागितले?’ एवढेच विचारा. आता साधन ठरले, काळ ठरला, माणसे ठरली, आणि उत्तर चुकीचे ठरू शकते, म्हणून ते शोधण्यात अर्थ आहे.

चार आठवड्यांच्या निबंधासाठी दोन आठवडे वाचन, तिसऱ्या आठवड्यात कच्चा मसुदा, चौथ्यात दुरुस्ती असा बेत ठेवा. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मसुदा घेऊन शिक्षकांकडे जा. ‘कसा झालाय?’ असे विचारू नका, त्यावर ‘बरा आहे’ एवढेच उत्तर मिळते. ‘तिसऱ्या परिच्छेदातला दावा या पुराव्यावर उभा राहतो का?’ असे विचारा. मसुदा दाखवायची बहुतेकांना लाज वाटते, आणि लहान विद्यापीठाचा सर्वांत मोठा फायदा तिथेच वाया जातो. गुण मिळाल्यावरही निबंध फाइलमध्ये टाकून मोकळे होऊ नका. शेऱ्यांत वारंवार येणारी चूक एका कागदावर लिहून पुढच्या मसुद्याशेजारी ठेवा.

शोधप्रकल्प

विषय आधी आणि साधने मागून, असे केले की प्रकल्प अडकतो. उलट करा. मनातल्या विषयाला दोन आठवड्यांची कसोटी लावा: एवढ्या वेळात अस्सल साधनाची निदान चाळीस पाने, तुम्हाला वाचता येणाऱ्या भाषेत आणि लिपीत, हातात आली का? त्या विषयावरची दहा तरी दुय्यम कामे, म्हणजे इतर अभ्यासकांची पुस्तके किंवा लेख, सापडली का? नसतील तर विषय कितीही आवडता असो, सोडा. दूरच्या अभिलेखागारावर पूर्ण भिस्त ठेवलेला प्रकल्प परवानगी लांबली की कोसळतो.

लहान विद्यापीठाच्या आसपास मात्र कोणी न उघडलेले कागद पुष्कळ असतात: संस्थेची जुनी प्रवेशपुस्तके, वसतिगृहाचे हिशेब, विद्यार्थ्यांची नियतकालिके, कामगार संघटनेच्या इतिवृत्तांच्या वह्या, बंद पडलेल्या वृत्तपत्राचे अंक. मोठ्या विषयाची दहावी पुनरावृत्ती करण्यापेक्षा अशा एका वहीवरचे काम जास्त मोलाचे ठरते. जाण्याआधी दोन आठवडे पत्र पाठवा, विभागाचे शिफारसपत्र सोबत ठेवा, छायाचित्रांची परवानगी लेखी घ्या. आत पेन्सिलच न्या. प्रत्येक बस्त्याचे पहिले छायाचित्र त्यावरच्या चिठ्ठीचे घ्या, नाहीतर घरी गेल्यावर चारशे प्रतिमा कोणत्या फाइलच्या हे कळणार नाही. त्याच रात्री प्रतिमांना संग्रह, फाइल, तारीख, पान या क्रमाने नावे द्या आणि दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा.

मौखिक इतिहास सोपा वाटतो, तसा तो नाही. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाचे लेखन करायला चार ते सहा तास लागतात, म्हणजे दहा मुलाखती ठरवताना निव्वळ लेखनाचे पन्नास तास धरावे लागतात. संमतिपत्र मुलाखतीआधी घ्या, आणि त्यात नाव वापरायचे की नाही हे स्वच्छ विचारा. माणसे भावना आणि रोजचा क्रम चांगला सांगतात, तारखा आणि क्रमवारी चुकवतात. तारखा कागदांवरून ताडून घ्या.

लिहायला बसल्यावर ‘पार्श्वभूमी’चे प्रकरण सर्वांत शेवटी लिहा. ते पहिले घेतले की तीन हजार शब्द दुसऱ्यांच्या पुस्तकांतून भरले जातात आणि स्वतःच्या पुराव्याला जागा उरत नाही. ज्या कागदाबद्दल तुम्हाला सर्वांत जास्त ठाऊक आहे त्याच्यापासून सुरुवात करा. शेवटचे तीन आठवडे तळटीपांसाठी राखून ठेवा आणि प्रत्येक अवतरण मूळ प्रतिमेशी अक्षरशः ताडून पाहा. विरामचिन्हे, गाळलेले शब्द आणि फाइल क्रमांक इथेच चुकलेले सापडतात.

प्रकल्पाची एक छापील प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्या, आणि ज्या संस्थेचे कागद वापरले तिलाही एक. सोबत कोणत्या फाइलमध्ये काय आहे याची यादी आणि केलेली लिप्यंतरे परिशिष्ट म्हणून जोडा. मुलाखती घेतल्या असतील तर संमतिपत्रांच्या प्रती ध्वनिफितींबरोबरच ठेवा. त्यांच्याशिवाय पुढच्या विद्यार्थ्याला त्या वापरता येणार नाहीत.